मादी सोडून

जतच्या कचेरीत, मागच्या खोलीत
मी मोडी वाचते. पानाला चाळीस रुपये.
आज बस्ता सतरावा:
लांडगे मारणेबाबतचा हुकूम, शके अठराशे चाळीस.

कलम पहिले. हंगाम कार्तिक वद्य प्रतिपदेपासून होळीपर्यंत.
त्याआधी वा नंतर मारलेला लांडगा
मारला असे समजले जाणार नाही.
मी दोनदा वाचलं. तसंच आहे.

कलम दुसरे. शेपटामागे रुपया एक.
शेपूट ओले आणावे. वाळवून, शिवून, रंगवून आणू नये.
कोल्ह्याचे आणील त्यास चार आणे दंड,
कुत्र्याचे आणील त्यास आठ आणे, व चावडीत उभे करणे.
नावातच लांडा असलेल्या जनावराची
किंमत सरकारनं शेपटावर करावी,
लिहिणाऱ्यालाही हसू आलं असणार.
तिथं शाईचा एक थेंब जास्त पडलाय.

तिसरं वाळवीनं खाल्लं.

कलम चौथे. चाप पायवाटेवर नको, पाणवठ्यावर नको,
बिरोबाच्या माळावर नको.
कलम पाचवे. लावणाराने चाप उजाडता उजाडता पाहावा.
जनावर दिवसभर ओरडत ठेवू नये,
गावास त्रास होतो.

गावास.

कलम सहावे. दुभती मादी सापडल्यास सोडू नये.
सोडील त्याचे इनामातून रुपया एक वजा.

खाली नोंदवही. मार्गशीर्षातली एक ओळ:
येसाप्पाशेपटेतीनमादीसोडूनदिलीरुपयेदोन

मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत,
अनुस्वाराची तर बातच नको.
लेखणी उचलली की वेळ जातो, आणि वेळ सरकारचा.
ओळ तोडायचं काम शंभर वर्षांनी माझ्याकडं आलंय.

मादी सोडून दिली, असं तोडलं तर
पहाटे माळावर येसाप्पानं चापाचा जबडा उघडला,
आणि मग कचेरीत येऊन तसं सांगितलंही.
दुसरं कोण सांगणार?
तिथं होतंच कोण, तो आणि ती.
तीनातून एक वजा. रुपये दोन.

मादीसोडून दिली, असं जोडलं तर
शेपटं तीन, सगळी नरांची, रीतसर जमा.
माद्यांचं काय झालं ते विचारू नका.
आणि तिसरा रुपया कारकुनाच्या कनवटीला.

दोन्ही हिशेब जुळतात.
सरवदे साहेब म्हणतात, मॅडम, एक स्पेस द्या न् पुढं चला,
शुक्रवारी फाईल जायचीय.

बाहेर व्हरांड्यात अमोगसिद्ध शेंडगे बसलाय, सकाळपासून.
माडग्याळी मेंढी, लांब कानाची, पोटात कोकरू,
काल रात्री गेली.
त्याच्या हातात छापील कागद आहे, त्यालाही कलमं आहेत:
अठ्ठेचाळीस तासांत वर्दी, फोटो, दोन पंच,
पंचनामा होईतो मेंढी जागची हलवायची नाही.
लांडग्याला हात लावायचा नाही.
आता हंगाम नाही. मनाई बारमाही.

चहा प्यायला म्हणून बाहेर आले
आणि त्यालाच विचारलं. ओळ वाचून दाखवली,
एकदा तोडून, एकदा जोडून.
त्यानं तंबाखू मळली. फुंकर मारली.
महिना कंचा म्हनालासा?
मार्गशीर्ष.
मग दूध असनार तिला, म्हणाला,
आणि चुना शोधायला लागला.

याचं उत्तर कुठल्या रकान्यात लिहू?

मेंढीपाशी कोण आहे मग?
थोरलं पोरगं बसवलंय, काठी देऊन. कुत्री येत्यात.
आणि लांडगा?
तोळ व्हय?
त्यानं मान वळवली, भिंतीच्या पलीकडं दिसत असल्यासारखी.
ती बी बसलीया की, पल्याड बांधावर.
पोरगं हिकडं, ती तिकडं, मधी मेंढी.
साहेब कवा येत्याल?