रविवारची मिनीबस

पादोवात माझ्या पोटातून जे काढलं
ते त्यांनी मोजलं, रंगवलं, काचेवर ठेवलं.
रक्तात आईपर्यंत मागे जाऊन आले,
म्हणाले, सिन्योरा, हे तिच्याकडून आलंय.
बहीण आहे का?

आहे. सोरोकाला. पारास्कोविया.
तिचंही पोट मार्चपासून फुगलेलं.
तिला तीच जुनी सलाइन, दर तीन आठवड्यांनी,
चादर घरून न्यायची, कधी सुईही.
रक्ताच्या त्या तपासाचं नाव
मी फोनवर दोनदा सांगितलं.
ती म्हणाली, थांब, दूध उतू जातंय.

मला रोज दोन गोळ्या.
औषधाच्या खिडकीवर पैसे घेत नाहीत,
सही घेतात.
त्या डबीच्या किमतीत
आमचं छप्पर दोनदा झालं असतं.

म्हणून ऑक्टोबरभर मी एकच घेतली.
उरलेल्या एकतीस बिस्किटांच्या डब्यात,
ग्रिगोरेच्या मिनीबसनं, स्टेशनामागून,
जिथून आम्ही सगळ्याजणी घरी पाठवतो
कॉफी, साबण, मुलांचे बूट.

पुढच्या रविवारी डबा परत.
वर अक्रोड, सोललेले, भरगच्च.
तळाशी गोळ्या, एकतीसच्या एकतीस,
आणि वहीच्या पानावर तिचं तिरकं अक्षर:

‘शाळेत असताना एकच कोट होता आपल्याला,
एक दिवस तू, एक दिवस मी.
हा तसा कोट नाही गं.
अक्रोड मात्र संपव,
यंदाचे गोड आहेत.’

मी आठची गोळी घेते तेव्हा
सोरोकात नऊ वाजून गेलेले असतात.