झाकण घट्ट लावा

भांडुपला नाल्याकाठच्या गाळ्यात
आम्ही तांब्याच्या गुंडाळ्या रेझिनमध्ये ओतायचो.
शंभराला ऐंशी हार्डनर, साठ अंशांवर ढवळायचं,
बुडबुडे पंपाने ओढून घ्यायचे, मग रात्रभर भट्टी.
सकाळी साच्यातून गेरूच्या रंगाचा दगड निघे.
असे ट्रान्सफॉर्मर टॉवरांच्या तळघरात जातात.
तेल नाही, म्हणजे आगीची भीती नाही.
माहितीपत्रकात ठळक छापलं होतं : सुरक्षित.

मी स्टोअरला. पिंपांवर खडूने तारीख घालायचो.
हार्डनर दिसायला गरीब,
उन्हाळ्यातल्या खोबरेलासारखा पातळ.
त्याच्यातलं पाणी बनवतानाच काढून घेतलेलं,
म्हणून तो ते भेटेल त्याच्याकडून वसूल करतो.
दमट हवेकडून : झाकण उघडं राहिलं की तळाशी पांढरे खडे.
डोळ्यांकडून.
घशाच्या ओलीकडून.

हे सगळं लेबलवर होतं.
लेबलं मी फाइलला लावून ठेवायचो,
एकही फाटू दिलं नाही.

जनार्दन पाताडे ढवळणीवर सात वर्षं.
सहा वर्षं काही नाही.
मग एका सोमवारी रात्री छातीत शिट्टी,
गुरुवारपर्यंत उशीला टेकून झोप,
रविवारी पुन्हा ठणठणीत.
बायको म्हणाली, कामाचा कंटाळा आलाय ह्यांना.
मी रजिस्टरात लिहिलं : सर्दी.

ईएसआयच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता?
तोवर कुणी विचारलंच नव्हतं.
म्हणाल्या, शरीराने एकदा ओळख धरली की सोडत नाही,
आता थेंब लागत नाही. वाफेची झुळूक पुरे.

त्याला पॅकिंगला टाकलं, दोन भिंतींपलीकडे.
जेवायच्या सुट्टीत इस्माईल ढवळणीवरून आला,
शेजारी बसला, डबा उघडला.
अंगात तोच शर्ट.
पाताडे भिंत धरत धरत फाटकापर्यंत गेला.
भाजी तशीच राहिली. दुधी होता.

मास्क मी मागवले होते. शंभर नग, धुळीचे.
वाफेचे, डबीवाले, सहापट महाग.
त्या दिवाळीला शेठ म्हणाले होते,
तुमच्यामुळे पैसे वाचतात, कुलथे.

आता हूड बसलाय, डबीवाले आलेत.
नव्या पोराचा पट्टा मी स्वतः आवळतो.
तो मास्कच्या आतून म्हणतो,
काका, वास तर काहीच नाही.

मी पिंपांकडे जातो.
झाकण घट्ट आहे.
पुन्हा फिरवून बघतो.