दहावी सही

वॉम्झा गावच्या सुपरमार्केटात दुधाचं पॅलेट
पहाटे पाचला येतं.
साडेसातशे किलो. वजन मी केलेलं नाही,
चिठ्ठीवर छापलेलं असतं.
व्येस्वावा ओढते, मागून मी ढकलते
आणि कुरकुरतं ते चाक की आमचे गुडघे
हे अंधारात कळत नाही.

गोदामातल्या पुरुषांना जड कामाचा भत्ता आहे.
आम्ही विक्री सहायक.
बसून पाव टुक करायचा, कांदा टुक करायचा,
हसायचं.
कागदावर एवढंच आहे.

बोझेनाच्या कमरेत उसण भरली
तेव्हा साहेब म्हणाले, नाजूक असता तुम्ही, जपा.
संध्याकाळी तिच्या मिनिटाला किती वस्तू झाल्या
तो आकडा चहाच्या खोलीत लागला,
लाल शाईत.

लुद्मीवा फारसं बोलत नाही.
पावतीच्या कोऱ्या रोलवर ती
दोन वर्षं लिहीत होती:
कुणी घड्याळात 'बाहेर' दाबलं
आणि पुन्हा आत येऊन फरशी पुसली.
काल तिनं रोल सोडला,
तो दह्याच्या फ्रिजपासून दारापर्यंत गेला.
त्यात मीही होते. सतरा डिसेंबर, अडीच तास.
फरशी आठवेना.
त्या दिवशी शाळेच्या नाटकात
मुलगी देवदूत झाली होती,
पंख दुसऱ्याच कुणाच्या आईनं बांधले,
ते आठवलं.

युनियनला दहा सह्या लागतात. नऊ झाल्या होत्या.
मी म्हटलं, हातावर पोट आहे गं माझं.
व्येस्वावा म्हणाली,
आमचं काय पायावर आहे?

माझी आई चौकात सफरचंदं विकायची.
काटा थांबेपर्यंत ती तोंड उघडत नसे,
गिऱ्हाइकाशी नाही, देवाशीही नाही.
मापात पाप नको, म्हणायची,
आणि वर एक फळ टाकायची.
माझ्या मापात कुणी कधी
वरचं फळ टाकलं नाही.
काटासुद्धा थांबू दिला नाही.

पेन गारठलं होतं. फुंकर मारली.
सही तिरकी आली,
आडनावाचं शेवटचं अक्षर
रेघेखाली घसरलं. राहू दिलं.

एवढ्यात मागच्या दाराशी ट्रकचा हॉर्न.
लोण्याचं पॅलेट.
पाळीवरच्या आम्ही सहाजणी गेलो,
बोझेनानं चिठ्ठीवरचा आकडा
मोठ्यानं वाचला,
साहेबांच्या काचेपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.
मग हात एप्रनच्या खिशात घालून
आम्ही बर्फात उभ्या राहिलो,
उचलायला कोण येतंय
ते बघत.