निरंक

पत्र आलं तेव्हा मी दहावीच्या मुलांना
खाडी म्हणजे काय ते शिकवत होते,
कोपरखैरण्यात, दुसऱ्या मजल्यावर, साडेसातच्या बॅचला.
"मानद अभ्यागत संशोधक म्हणून आपली निवड..."
प्रादेशिक अभ्यास केंद्र. कालावधी अकरा महिने.
मानधन : निरंक.

शून्य लिहिलं असतं तर लगेच कळलं असतं.
निरंक म्हणजे जिथे आकडा टेकतच नाही अशी जागा.
निरंजन, निरामय, निराकार यांच्या रांगेत उभं केलं
तर देवाचंच एखादं नाव वाटावं.

आईने विचारलं, मान तरी मिळतो ना?
म्हटलं, हो, शब्दातला पहिला अर्धा आलाय.

ओळखपत्राची अनामत पाचशे रुपये. भरली.
गळ्यात निळी पट्टी : अभ्यागत.
टेबल "उपलब्धतेनुसार", म्हणजे झेरॉक्स यंत्राला चिकटून,
एकच ड्रॉवर, तोही अर्धाच उघडणारा.
पलीकडे डॉ. वैजनाथ कस्तुरे, उदगीरचे,
तिसऱ्या वर्षी तिसऱ्यांदा अभ्यागत.
डबा खाताना म्हणाले, "बाई, बायोडेटाला एक ओळ मिळते.
माणूस ओळीवर किती दिवस काढतो, बघायचंय मला."
आणि लोणच्याची एक फोड माझ्या झाकणात ठेवली.

माझा विषय : बेलापूर पट्टीतली बंद मिठागरं,
म्हणजे त्यांचे उरलेले शब्द.

घणसोली गावठाणात, भाड्याच्या खोल्यांच्या चार मजल्यांखाली,
जिन्यालगतच्या खाटेवर गोमा मढवी. वय चौऱ्याऐंशी, अंदाजे.
मी रेकॉर्डर लावला. त्याने आधी माझीच मुलाखत घेतली.
"कवरा पगार हाय गो?"
पगार नाही बाबा.
"मंग जेवान?"
तेही नाही.
"मंग तुला तिथं कुनी बांदून ठेवलंय?"

रेकॉर्डिंगमध्ये इथे बावीस सेकंद नुसता पंखा आहे.

मग तोच सांगत गेला. उधाणाचं पाणी घेताना
उघाडी किती बोटं उचलायची,
वारा फिरला की दाणा कसा बारीक पडतो,
कोंडीचा तळ पायांनी तुडवून तुडवून
पितळेच्या ताटासारखा कसा करायचा.
"मीठ मोजाला मानूस यायाचा," तो म्हणाला,
"पाय मोजाला कोन नाय आला."

केंद्र कुठे आहे, विचारलं त्याने.
मी सेक्टर सांगितला, चौक सांगितला, कोपऱ्यावरची बँक सांगितली.
त्याने डोळे मिटले आणि मधली पन्नास वर्षं
उचलून खाटेखाली ठेवली.
"ती थोरली कोंडी. तिथं तुज्या आज्याचा फावरा हरवला व्हता."

मी आडनाव सांगितलं नव्हतं.
नाकाने सांगितलं असावं.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वहीत
"कुठून आलात" या रकान्यापाशी पेन थांबलं.
मागे दोघे खोळंबले, तेव्हा सही केली.
वेळ : १०.४०.

निघताना त्याने दिलेली पिशवी माझ्याजवळ होती,
शेवटल्या वर्साचं मीठ, राखाडी, खड्यांचं,
घरात कुणी खात नाही आणि टाकवत नाही असं.
ड्रॉवरमध्ये ठेवलं, निवडपत्रावर.

श्रावणातल्या एका सोमवारी रेवणकरांनी हाक मारली,
"मॅडम, तुमच्या ड्रॉवरमधून पाणी येतंय."
पत्र भिजून मऊ झालेलं. गोल शिक्का फुटून
त्याची निळाई मानधनाच्या ओळीपर्यंत पोचलेली.
बोट लावून जिभेवर ठेवलं.
"कुणीतरी उघाडी उघडी ठेवली असेल," मी म्हटलं.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग तक्रारवही काढली आणि
त्यांच्या त्या सुबक, सेवाज्येष्ठ अक्षरात लिहिलं :
टेबल क्र. ४. गळती.
कारण : निरंक.