उजेड लागलेला रोल

दिवा चांगला होता, पण चहाडखोर.
अठ्ठेचाळीस बारीक तांबडे टिपके,
राखेखालच्या इंगळासारखे.
कॅमेऱ्याला त्यात शंभर पावलांवरचं दिसायचं,
आणि शंभर पावलांवरनं लांडगीला
आम्ही.
तीन रात्री ती तरवडापर्यंत आली,
थांबली, नाक वर केलं, गेली.

दुसरा मागवला, अजिबात न दिसणारा.
तो खरंच दिसेना.
त्यात लांडगीही दिसेना,
पहिल्या बाभळीलाच उजेड दमला.

शेवटी आटपाडीच्या पेठेत शिकलगारांकडं गेले.
फोटो स्टुडिओची पाटी अजून आहे,
आत आता झेरॉक्स, आणि लॅमिनेशनचा वास.
त्यांनी दिव्यासमोर मोबाईल धरला,
पडद्यावर जांभळं पेटलं.
थांब, म्हणाले.
कपाटातनं बिस्किटाचा डबा,
डब्यात एक रोल, या टोकापासनं त्या टोकापर्यंत काळा.

"चौऱ्याण्णव साल. दिघंचीच्या पुकळ्यांचं लग्न.
रोल गुंडाळायच्या आधीच पोरानं
भर उन्हात कॅमेरा उघडला.
तरी सांगलीला धुवायला पाठवला,
म्हटलं एखादा फोटो वाचला असंल.
पैसे परत केले. तोंड दाखवायचं राहिलं."

छत्तीस फोटोंच्या जागी
इतका उजेड, की नुसता अंधार.
ह्यातनं तांबडं जात नाही, म्हणाले,
आपल्याला न दिसणारं तेवढं जातं.
कात्रीनं दोन तुकडे, एकावर एक,
कडेनं वायरमनची टेप.

मग शटर ओढून बसलो दोघं,
डोळे सरावेपर्यंत.
"दिसतंय?"
"थोडं. डावीकडं, खाली."
टेपेचा अजून एक तुकडा.
"आता?"
आता काही नव्हतं. दिवा चालू आहे हे
तळहाताला लागणाऱ्या उबेवरनं कळत होतं.

उजेड निम्मा झाला, म्हणून मी
निम्म्या अंतरावर सरकले.
लपायचं तर जवळ जावं लागतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

अमावस्येच्या आदली रात्र, सव्वादोन.
मेंढरांच्या वाघरीकडची कुत्री गप्प झाली.
छोट्या पडद्यावर आधी दोन पांढरे डोळे,
मग कान,
मग मागं धडपडणारी तीन पिल्लं,
त्यातलं एक सारखं आईच्या शेपटीला लागलेलं.
पुकळ्यांच्या मांडवातनं गाळून
उजेड त्यांच्यावर पडत होता.

पडद्यावरनं नजर काढली
तर समोर काही नाही.
गवत, तेही अंदाजानं.
पुन्हा पडद्यात पाहिलं, तर लांडगी
सरळ माझ्याकडं बघत होती.
तिला दिसलं नसेल.
किंवा दिसलं असेल, आणि पिल्लं खेळतायत
म्हणून राहू दिलं असेल.

सकाळी शिकलगारांना फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी पिल्लं मोजली,
दोनदा.
मग म्हणाले,
"रोल उरला असंल तर
परत आणून दे हां."