बोजा टाकून बघ

वाड्सोच्या अलीकडे, फ्योर्डला पाठ करून
उभी आहे आमची गाडी, आणि आत
दिवा पिवळा पडत पडत
कोऱ्या चहाच्या रंगावर आलाय.
ऑक्टोबर. छतावरची सोलर प्लेट
आता नुसतं झाकण.

टोरलाइफनं चाळीस वर्षं
फेरीबोटींच्या पोटात वायरी ओढल्या.
आता त्याचे हात त्याचं ऐकत नाहीत.
म्हणून मीटरच्या दोन्ही सुया माझ्याकडे,
आणि तो सीटवर, चष्मा कपाळावर,
आकडे मागतो.

"बारा पॉइंट सहा," मी सांगते. "चांगली आहे की."
"बसल्या बसल्या सगळेच चांगले असतात.
बोजा टाकून बघ."
हीटरचा पंखा लावते.
आकडा पायरी चुकल्यासारखा खाली येतो:
अकरा नऊ, अकरा चार, अकराला टेकतो.

मला डॉक्टरची खोली आठवते.
"कसं वाटतंय?"
"मजेत," हा म्हणाला होता, खुर्चीत बसून.
मग डॉक्टर म्हणाली,
शर्टाची बटणं लावून दाखवा.

इंजिन चालू.
पुढच्या बॅटरीवर चौदा दोन,
मागच्या बॅटरीवर तेच रडतखडत बारा.
म्हणजे वीज तयार होतेय, पोचत नाहीये.
फ्यूज काढून टॉर्चसमोर धरते: अख्खा दिसतो.
"दिसण्यावर जाऊ नकोस, मोज."
मोजते. खरंच अख्खा आहे.
रिलेला कान लावते: टक्. तोही शुद्धीवर.
तासभर मी अशी, गुडघ्यांखाली उशी, तोंडात टॉर्च,
आणि तो माझ्यावर ओरडत नाही, हेच मला लागतंय.
पूर्वी कुणा शिकाऊ पोरानं
लाल वायर काळीपाशी नुसती नेली
तरी अख्खी बोट दणाणायची.

"काळी सुई बॅटरीच्या मायनसला,
लाल गाडीच्या सांगाड्याला. शून्य यायला हवं."
शून्य येत नाही.
शून्य पॉइंट नऊ.
"अर्थ सुटलाय," तो म्हणतो,
आणि कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज
त्याचा वाटतो.

चालकाच्या सीटखाली, गालिच्याच्या कडेला,
नटाभोवती हिरवट पांढरी साय.
रस्त्यावरचं मीठ, बारा हिवाळ्यांचं.
सँडपेपर. मग व्हॅसलीन, माझ्या ओठांचं.
पाना मी लावते. शेवटचा पीळ
त्याला द्यायचाय.
एका पान्यावर दोघांचे हात,
थरथर लोखंडातून
माझ्या कोपरापर्यंत येते.

तेरा नऊ.

पण रिकामी बॅटरी उभ्या उभ्या भरत नाही,
गाडी पळवावी लागते.
ही गाडी मी कधी चालवलेली नाही.
रात्रीचे साडेनऊ. आरसा माझ्या उंचीला आणते.
तो शेजारी, मांडीवर मीटर:
"चौदा. चौदा एक.
दुसऱ्या गिअरमधून बाहेर ये, गुडवाइग."
हेडलाइटमध्ये एक रेनडियर,
ओलांडावं की नाही अशा विचारात.
मी थांबते. "इंजिन बंद करू नकोस."
मला काय ते ठाऊक नाही?

एकेरॉयच्या फाट्यावर वळायचं ठरलं होतं.
फाटा गेला.
त्यानं पाहिला,
पण बोलला नाही काही,
पुढचा आकडा वाचला.