फुगवट्यावरचा सोमवार

सोमवारी शिरोलीतली आमची भट्टी बंद.
ओमनीच्या टपावर निळी कयाक,
मालवणात एका हॉटेलवाल्यानं मोडीत काढलेली,
बुडाला एम-सील,
डाव्या कुशीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं: पिंकी.
परित्यात पहाटेचा चहा.
टपरीवाला टपाकडं बघून म्हणाला,
'हे काय, शवपेटी?'
म्हटलं, 'भावा, साखर कमी टाक.'

धामोडच्या अलीकडं गाडी उतरणीला लावली.
मे महिन्यात तुळशीचं पाणी
अंग चोरून बसलेलं असतं.
कपाच्या आत उतरत्या चहाच्या रेषा राहतात
तशा काठावर रेषा.
भेगांत शिंपले,
आणि मधेच कुणाच्या तरी बांधाचे दगड,
इतकी वर्षं पाण्याखाली राहून
अजून रांगेत.

कयाकीत बसलं की
कमरेखालचा माणूस संपतो, तिथून पाणी.
वल्हं डावीकडं, वल्हं उजवीकडं,
मांडीवर थेंब,
तो वाळायच्या आत दुसरा.
सहा दिवस तापल्या लोखंडाचा डाव पेलणारे हात,
त्यांना एवढं हलकं काही
धरताच येत नाही सुरुवातीला.

लव्हाळ्याच्या कडेला रबरी बेडूक टाकला.
ओढला. थांबवला. ओढला.
काही नाही.
परत टाकला.
एक खंड्या तेवढ्यात दोनदा जेवून गेला.
अकरा वाजता पाण्यावरचं ऊन
खालून हनुवटीला लागायला लागलं.

मग पाणी फुटलं.
दोरा तट्ट, गळकाठी कमान,
आणि पिंकी मला घेऊन
दोन हात लव्हाळ्यात.
मरळ!
सापाचं डोकं, ओल्या दगडाचं अंग,
दोन किलोला बोटभर कमी.
जबड्यातनं नायलॉनची दोरी ओवली,
कयाकीच्या कडीला बांधून पाण्यात सोडली.
मनात रस्सा शिजायला लागला,
चिंच घातलेला, वर कोथिंबीर.

तेवढ्यात ती आली.
बडीशेपेएवढी, लालसर,
शेकड्यानं,
मंद आचेवरच्या आधणासारखी
पाण्याला कड आणत.
सरळ कयाकीच्या सावलीत शिरली
आणि बांधलेल्या मरळीच्या पोटाशी
गोळा होऊन थांबली.
एकेक वर यायचं, हवेचा कण घ्यायचं,
परत खाली, परत तिथंच.

मी वल्हं मांडीवर आडवं घेतलं.
बराच वेळ तसाच.

केरबा आला, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून,
दोन्ही हातांत चपला घालून पाणी मारत.
वाकून बघितलं.
'कवा बांधलास?'
'धा मिनिटं झाली असतील.'
'मग जगतंय.'
चपलेनं लव्हाळं बाजूला सारत म्हणाला,
'पिल्लांजवळ ऱ्हातोय त्यो बाप आस्तोय.'
सोड म्हणाला नाही.
जाता जाता उलट हेही सांगितलं
की लक्ष्मीपुरीत सध्या पाचशेनं जाती.

ओल्या नायलॉनची गाठ बोटांना सुटेना.
दातांनी सोडवली.
तोंडात शेवाळ, चिखल, थोडं रक्त,
कुणाचं ते कळलं नाही.
मरळ क्षणभर तशीच राहिली, कल्ले हलवत,
मग एकदम खाली.
पिल्लं फुटली, विखुरली,
आणि लांब, लव्हाळ्यापलीकडं
पाण्याला पुन्हा कड आला.
कयाकीखाली सावली उरली,
तिच्यात कोणी नाही.

त्यानंतर बेडूक टाकला नाही असं नाही.
टाकला.
तीन वाजेपर्यंत टाकत होतो.

घरी पोचलो तेव्हा मांड्या भाजून
भट्टीच्या दारासारख्या.
शैलानं हात हुंगून विचारलं, 'काय घावलं?'
म्हटलं, 'एक होता.'
'होता?' ती म्हणाली, 'मरळ का?
मग होती म्हण की.'
मी पिठल्यात भाकरी मोडली.